बास्केटबॉलचा संघ बांधायचा तर आधी पगारपत्रक उघडा

यंदा आमच्या लीगमध्ये काही नवी मंडळी आली आहेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "ताई, कोणाला घेऊ?" कोणाला घ्यायचं ते मी सांगणार नाही, कारण माझाही संघ त्याच लीगमध्ये आहे. कसं घ्यायचं ते मात्र सांगते.

ज्यांना आमचा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा कागदावरचा खेळ आहे. प्रत्येकाकडे एनबीएचा (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) एक संघ असतो. खेळाडू खरे, पगार खरे, नियम एनबीएचेच. ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल), ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) आणि करारांचे निर्णय तेवढे आमचे. मी चाकणच्या एका कारखान्यात कॉस्टिंग बघते, तेव्हा "आकड्यांची सवय ताईला आहे" असं म्हणून मंडळींनी हिशेबाचं शीट माझ्या गळ्यात घातलं. व्हिडिओ गेममध्ये जनरल मॅनेजर होऊन खेळता त्यांनाही हे लागू पडेल. फक्त तिथले कॉम्प्युटरचे संघ कुठलाही ट्रेड स्वीकारतात, आमच्यातले लोक तेवढे भोळे नाहीत.

शीटपासून सुरुवात करा. डाव्या बाजूला खेळाडूंची नावं, उजवीकडे पुढच्या पाच सीझनचे रकाने. पगाराचा आकडा नुसता टाकू नका, त्याला रंग द्या. हमीचा पगार पांढरा. ज्या वर्षाचा निर्णय संघाच्या हातात आहे (टीम ऑप्शन) ते हिरवं, खेळाडूच्या हातात आहे (प्लेअर ऑप्शन) ते लाल. हमी नसलेला पगार पिवळा. हा रंगकामाचा भाग लोक कंटाळून सोडून देतात आणि मग जूनमध्ये विचारतात, "हा अजून माझ्याकडे आहे का?"

तळाशी बेरीज घ्या आणि तिच्याखाली चार रेषा लिहा. २०२५-२६ सीझनचे आकडे असे: सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर, लक्झरी टॅक्सची रेषा (तिच्या वर गेलं की दंड) १८ कोटी ७९ लाख, पहिला एप्रन (टॅक्सच्याही वरची, जास्त बंधनं आणणारी रेषा) १९ कोटी ५९ लाख, दुसरा एप्रन २० कोटी ७८ लाख. पहिला आकडा बघून नवीन माणूस घाबरतो, कारण जवळजवळ सगळे संघ त्याच्या वरच असतात. एनबीएची कॅप लवचिक आहे. तिच्या वर गेल्यावर बाहेरचा मोठा खेळाडू सरळ पैसे मोजून घेता येत नाही, पण स्वतःचा खेळाडू ठेवता येतो, ट्रेड करता येतो, मिड-लेव्हल एक्सेप्शन (कॅपच्या वर असतानाही मधल्या पगारावर खेळाडू घेण्याची सवलत) वापरता येतं, किमान पगारावर माणसं घेता येतात. खरी भीती खालच्या दोन रेषांची. त्यांच्याकडे नंतर येते.

आता सगळ्यात महत्त्वाचा रकाना, जो मी सोडून कुणी करत नाही. प्रत्येक नावापुढे दोन आकडे लिहा: हा खेळाडू आज बाजारात आला तर त्याला किती मिळतील, आणि तुम्ही त्याला किती देताय. वजाबाकी करा. जे उरतं तीच तुमची मालमत्ता. २०२४-२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरचा जेलन विल्यम्स ऑल-स्टार झाला (ताऱ्यांच्या खास सामन्यासाठी निवडला गेला), सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-एनबीए संघातही आला. त्या वर्षी त्याचा पगार होता सुमारे ४८ लाख डॉलर. चेट होल्मग्रेनचा १ कोटी ९ लाखांच्या आसपास. त्याच लीगमध्ये कारकिर्दीच्या उताराला लागलेले लोक पाच कोटी घेत होते. थंडरने ६८ सामने जिंकले आणि २२ जून २०२५ ला इंडियाना पेसर्सला सातव्या सामन्यात हरवून विजेतेपद घेतलं. शे गिल्जस-अलेक्झांडर उत्तम खेळला हे खरंच, पण त्याच्या भोवतीचे दोन तारे जवळजवळ फुकट होते म्हणून बाकीची फळी विकत घेता आली.

म्हणून मी नेहमी म्हणते, आपण खेळाडू घेत नाही, करार घेतो. उत्तम खेळाडू चुकीच्या करारावर असला तर तो तुमचा नाही, तुम्ही त्याचे.

थंडरने हे कसं जमवलं ते जरा सविस्तर बघू, कारण सगळे डाव त्यात आहेत.

जुलै २०१९. कवाय लेनर्ड क्लिपर्सकडे यायला तयार होता, पण पॉल जॉर्ज सोबत हवा ही अट होती. जॉर्ज होता थंडरकडे. म्हणजे क्लिपर्सना एका नव्हे, दोन ताऱ्यांची किंमत मोजायची होती, आणि हे थंडरचा मॅनेजर सॅम प्रेस्टीला पक्कं माहीत होतं. त्याने घेतलं काय? शे, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याचे हक्क) आणि दोन स्वॅप (पिकचा क्रमांक बदलून घेण्याचे हक्क). शे तेव्हा एकच सीझन खेळलेला पोरगा होता. त्या पाचांपैकी २०२२ चा क्लिपर्सचा पिक बाराव्या क्रमांकावर आला, आणि त्यातून सांता क्लारासारख्या छोट्या कॉलेजात तीन वर्षं खेळलेला जेलन विल्यम्स मिळाला.

पुढचा डाव मला जास्त आवडतो, कारण त्यात तारा कुणीच नाही. डिसेंबर २०२० मध्ये फिलाडेल्फियाला अल हॉरफर्डचा लांबलचक, महागडा करार नकोसा झाला होता. थंडरने डॅनी ग्रीन देऊन हॉरफर्ड घेतला आणि हा त्रास डोक्यावर घेण्याची फी म्हणून पहिल्या फेरीचा एक पिकही. सहा महिन्यांनी तोच हॉरफर्ड बॉस्टनला दिला, बदल्यात केम्बा वॉकरचा त्याहून नकोसा करार आणि २०२१ चा सोळावा पिक. मग तो सोळावा पिक ह्यूस्टनला विकून भविष्यातले पहिल्या फेरीचे दोन पिक घेतले. स्वतःचं विजेतेपद कुठेच दिसत नव्हतं, तेव्हा पगारपत्रकातली मोकळी जागा भाड्याने देऊन त्यांनी कमाई केली.

(त्या सोळाव्या पिकवर ह्यूस्टनने अल्परेन शेंगून घेतला, आणि तो २०२५ मध्ये ऑल-स्टार झाला. हॉरफर्डने २०२४ मध्ये बॉस्टनकडून विजेतेपदाची अंगठी मिळवली. तेव्हा प्रेस्टीचं सगळंच बरोबर असतं असं मानायचं कारण नाही.)

या काळात थंडर मैदानावर काय करत होता? हरत होता. २०२०-२१ मध्ये २२ विजय, ५० पराभव. पुढच्या वर्षी २४ आणि ५८. आमच्या लीगमधल्या नव्या लोकांना इथे वाटतं की हरणं हीच युक्ती. नाही. लॉटरीचं (ड्राफ्टमध्ये आधी कोण निवडणार याची सोडत) गणित २०१९ पासून बदललं आहे. शेवटच्या तीन संघांना पहिल्या पिकची शक्यता सारखीच, प्रत्येकी १४ टक्के. शिवाय सर्वांत वाईट संघ घसरत घसरत पाचव्या क्रमांकापर्यंत जाऊ शकतो, आणि जातोच: २०२३ मध्ये डेट्रॉईट पाचवा, २०२४ मध्ये पुन्हा डेट्रॉईट पाचवा, २०२५ मध्ये यूटा पाचवा. त्या २०२५ लाच डॅलसने १.८ टक्के शक्यतेवर पहिला पिक उचलला आणि कूपर फ्लॅग घेतला. तीच डॅलस, जिने तीन महिने आधी लुका डॉन्चिच लेकर्सना देऊन टाकला होता. नशीब कुणावर मेहेरबान होईल याचा हिशेब माझ्या शीटमध्ये बसत नाही. फिलाडेल्फियाने सॅम हिंकीच्या काळात हरण्याचा कार्यक्रमच राबवला, २०१५-१६ मध्ये तर ८२ पैकी १० सामने जिंकले. जोएल एम्बीड मिळाला, विजेतेपद नाही.

हरण्यापेक्षा दुसऱ्याच्या हरण्यावर पैज लावणं स्वस्त पडतं. म्हातारा, महाग आणि उतावळा संघ शोधा आणि त्याचा चारपाच वर्षांनंतरचा पिक मागा. २०१३ मध्ये ब्रुकलिनने केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स यांच्यासाठी बॉस्टनला २०१४, २०१६, २०१८ चे पिक आणि २०१७ चा स्वॅप दिला. दोघं थकले, ब्रुकलिन कोसळलं, आणि बॉस्टनच्या हाती २०१६ चा तिसरा पिक आला: जेलन ब्राउन. २०१७ च्या स्वॅपने पहिला पिक मिळाला. तो त्यांनी फिलाडेल्फियाला दिला, तिसऱ्या क्रमांकावर उतरून जेसन टेटम घेतला आणि वर आणखी एक पिक खिशात घातला. २०२४ चं विजेतेपद याच दोघांच्या जोरावर.

पिक देताना घेताना तीन गोष्टी विचाराच. प्रोटेक्शन काय? "टॉप-१० प्रोटेक्टेड" म्हणजे पिक पहिल्या दहात आला तर तो मूळ संघाकडेच राहतो. मग पुढच्या वर्षी मिळतो की दुसऱ्या फेरीचा होतो, हेही तिथेच ठरवून घ्या. दुसरं, स्वॅप आहे की पिक? स्वॅप म्हणजे फक्त चांगला क्रमांक निवडायचा हक्क, तुमचा संघ त्यांच्यापेक्षा खराब असेल तर त्याची किंमत शून्य. तिसरं, देणाऱ्याला तो देता येतो का? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टेड स्टेपियन नावाच्या क्लीव्हलंडच्या मालकाने पहिल्या फेरीचे पिक इतके उधळले की लीगला नियम करावा लागला: पुढच्या लागोपाठ दोन वर्षांत संघाकडे पहिल्या फेरीचा एकही पिक नाही, असं होऊ द्यायचं नाही. म्हणून मोठ्या ट्रेडमध्ये पिक एकाआड एक वर्षाचे दिसतात आणि मधल्या वर्षांना स्वॅप. सात वर्षांपलीकडचा पिक देताच येत नाही.

आणि कृपा करून पिक घरातल्या सोन्यासारखे लॉकरमध्ये ठेवू नका. संघात जागा १५, शिवाय टू-वे कराराच्या (मुख्य संघ आणि कनिष्ठ लीग दोन्हीकडे खेळणाऱ्यांच्या) ३. पिक जास्त झाले की माणसं बसवायला जागा उरत नाही. २०२३ मध्ये थंडरने डेव्हिस बर्तान्सचा नको असलेला करार उचलून बाराव्या क्रमांकावरून दहाव्यावर उडी मारली आणि केसन वॉलेस घेतला. २०२४ मध्ये तर जॉश गिडी, म्हणजे स्वतःचा सहाव्या क्रमांकाचा पिक, शिकागोला देऊन अॅलेक्स करूसो आणला, आणि तोही बदल्यात एकही पिक न मागता. तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी नाकं मुरडली. पण शेच्या हातात चेंडू असताना गिडीला करण्यासारखं काही राहत नव्हतं. करूसोला चेंडू लागतच नाही, तो समोरच्याचा काढून घेतो.

ड्राफ्टबद्दल फार लिहीत नाही. मी तरुण मुलांचे सामने पहाटे उठून बघते, पण तिथे मला दुसऱ्यांपेक्षा जास्त कळतं असा दावा नाही. एवढंच सांगते: वय बघा, हातांची लांबी बघा, आणि तीन पॉइंटच्या टक्क्यांपेक्षा फ्री थ्रोचे टक्के बघा, नेमबाजीचा अंदाज त्यावरून बरा येतो. दुसऱ्या फेरीला तुच्छ लेखू नका. निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा निवडला गेला, आणि त्याचं नाव वाचलं जात होतं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. पहिल्या फेरीच्या पोराचा करार चार वर्षांचा असतो, त्यातली शेवटची दोन वर्षं टीम ऑप्शनची, म्हणजे शीटवर हिरवी. या चार वर्षांतच तुमची संधी असते. पाचव्या वर्षी तोच मुलगा कॅपच्या २५ टक्क्यांपर्यंत मागू शकतो.

हरायचं नसेल तर? तोही मार्ग आहे, आणि त्याचा धागा मुंबईतून जातो. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे दोन सराव सामने झाले, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. पेसर्सकडून डोमँटस सबोनिस खेळला होता, किंग्जकडून बडी हील्ड. फेब्रुवारी २०२२ मध्ये या दोन संघांनी एकमेकांत ट्रेड केला: सबोनिस सॅक्रामेंटोला, हील्ड आणि टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला. किंग्जना लगेच फळ मिळालं, १६ सीझनचा प्लेऑफचा (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांचा) दुष्काळ २०२३ मध्ये संपला. पेसर्सना मिळाला रूकी (ड्राफ्टनंतरच्या पहिल्या, स्वस्त) करारावरचा बावीस वाढदिवसही न झालेला गार्ड. दोन वर्षांनी त्यांनी पहिल्या फेरीचे तीन पिक देऊन पास्कल सियाकम आणला आणि २०२५ ची फायनल गाठली. तळ गाठला नाही, लॉटरीवर विसंबून राहिले नाहीत. सबोनिस त्यांचा ऑल-स्टार होता. तो चांगला खेळत असतानाच विकला, हे महत्त्वाचं. आमच्याकडे लोक खेळाडूचा गुडघा दुखायला लागल्यावर माझ्याकडे येतात.

ट्रेड बोलण्याची माझी पद्धत साधी आहे. स्वतःला काय हवं ते शेवटी बोला, आधी समोरच्याचं शीट उघडा. तो टॅक्सच्या रेषेच्या किती वर आहे? कुठला लाल रकाना त्याची झोप उडवतोय? गेल्या सीझनमध्ये आमच्या लीगमधल्या नाशिकच्या दंतवैद्यांचा मेसेज आला: "ताई, तुमचा बॅकअप सेंटर द्या, दुसऱ्या फेरीचा पिक देतो." मी शीट बघितलं. त्यांचा पहिला सेंटर जायबंदी, आणि संघ टॅक्सच्या वर थोडक्यात. मी लिहिलं, "सेंटर देते, पिक नको. तुमचा तो तीन वर्षांचा करारवाला गार्डही मीच घेते, तुमचा टॅक्स वाचेल. फक्त २०२९ चा पहिल्या फेरीचा पिक, प्रोटेक्शनशिवाय." माझ्याकडे जागा होती, त्यांना घाई. थोडी घासाघीस झाली, टॉप-४ प्रोटेक्शन मी मान्य केलं, आणि डॉक्टरांनी "तुम्ही भूल न देता दात काढता" असं लिहून ट्रेड पाठवला.

आता एप्रन. बेरीज पहिल्या एप्रनच्या वर गेली की जितका पगार पाठवाल त्याहून जास्त परत घेता येत नाही. दुसऱ्या एप्रनच्या वर तर हातच बांधले जातात: दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख पैसे देता येत नाहीत, मिड-लेव्हल जातं, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो. सारखे तिथेच राहिलात तर तो पिक फेरीच्या शेवटी ढकलला जातो.

फीनिक्स सन्सचं काय झालं ते शीटवर मांडून बघाच. फेब्रुवारी २०२३ मध्ये केव्हिन ड्युरांटसाठी मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि पहिल्या फेरीचे चार पिक, एकावरही प्रोटेक्शन नाही. चारच महिन्यांनी ब्रॅडली बील, ज्याच्या करारात त्याच्या मर्जीशिवाय ट्रेड होणार नाही असं कलम होतं. डेव्हिन बुकर धरून तीन प्रचंड पगार, बाकीचा बराचसा संघ किमान पगारावर. २०२४ मध्ये प्लेऑफच्या पहिल्या फेरीत ०-४. २०२५ मध्ये ३६ विजय, प्लेऑफही नाही. ड्युरांट ह्यूस्टनला गेला आणि बीलला सोडताना उरलेला पैसा पाच वर्षांत वाटून टाकावा लागला: दरवर्षी १ कोटी ९० लाख डॉलरहून जास्त, संघात नसलेल्या माणसासाठी. उलट बॉस्टनने २०२५ च्या उन्हाळ्यात, टेटमची अकिलीस तुटल्यावर, ड्रू हॉलिडे आणि क्रिस्टाप्स पोर्झिंगिस या विजेत्या संघातल्या दोघांना लगेच सोडलं आणि दुसऱ्या एप्रनखाली उतरले. चाहते चिडले. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

करार लिहिताना चढता आलेखच असला पाहिजे असं नाही. थंडरने २०२४ मध्ये आयझया जो आणि आरन विगिन्सना उतरते करार दिले: आधी जास्त, मग कमी. जागा होती तेव्हा पैसे देऊन टाकले, कारण पुढे शे, जेलन आणि चेटचे मोठे करार येणार हे दिसत होतं. ते आलेच. जुलै २०२५ मध्ये शेला चार वर्षांचे २८ कोटी ५० लाख, बाकी दोघांना पाच पाच वर्षांचे प्रत्येकी सुमारे २४ कोटींपासून पुढे. आयझया हार्टनस्टाईन तर त्यांना बर्ड राइट्समुळे मिळाला, म्हणजे न्यूयॉर्क निक्सकडे ते पूर्ण नसल्यामुळे. स्वतःच्या खेळाडूला कॅपच्या वर जाऊन हवं ते द्यायला तो तीन वर्षं तुमच्याकडे हवा. हार्टनस्टाईनची निक्सकडे दोनच झाली होती, त्यामुळे त्यांची मर्यादा चार वर्षांचे ७ कोटी २५ लाख. थंडरने तीन वर्षांचे ८ कोटी ७० लाख दिले. बाजारात जाण्याआधी प्रत्येक संघाचे बर्ड राइट्स तपासा, कुणाचा खेळाडू हातातून सुटणार आहे ते महिनाभर आधी कळतं.

आपल्या लीगची ट्रेड डेडलाइन एनबीएच्याच दिवशी, फेब्रुवारीत. उन्हाळ्यात करार केलेले बहुतेक खेळाडू १५ डिसेंबरनंतरच ट्रेड होतात, तेव्हा नोव्हेंबरात मला त्यांच्याबद्दल विचारू नका. ट्रेड पाठवताना दोन्ही बाजूंची नावं, ट्रेडनंतरच्या दोन्ही संघांच्या बेरजा, पिकचं वर्ष, तो मुळात कोणाचा, प्रोटेक्शन, आणि प्रोटेक्शन लागू झालं तर पुढे काय, एवढं लिहा. "पुढचा एखादा पिक" असं लिहून आलेला ट्रेड मी मंजूर करत नाही, आणि रात्री बारानंतर फोन केला तर उचलतही नाही. सकाळी साडेपाचला सामना असतो.